चोचीसमोरचं स्टूल

कुसुमोतो त्या लाल स्टुलावर टेकला आणि अख्ख्या शेडमधलं चावणं थांबलं. थांबलं म्हणजे इतकं, की बाहेर चुलाण्यावर रटरटणारा रस्सासुद्धा क्षणभर गप्प झाला, असं त्या गावात अजून सांगतात. मग छत्र्यांना कापड शिवणारी किमहोआ फिस्सकन हसली आणि तिच्यामागोमाग सगळेच हसत सुटले.

"बसला गं बाई, बसला," किमहोआ डोळे पुसत म्हणाली. "देवानेच माणूस धाडला."

कुसुमोतोला ओ की ठो कळेना. त्याने काखेतला खोका मांडीवर घेतला आणि चारी दिशांना थोडं थोडं वाकून नमस्कार केला. त्यावर लोक आणखीच हसले.

त्याची चूक म्हणाल, तर भुकेल्या माणसाची असते तेवढीच. ओसाकाहून एकटाच तैवान बघायला निघालेला हा सत्तावन्न वर्षांचा गृहस्थ दिवसभर देवळं बघून थकला होता. आल्यापासून प्रत्येक खाणावळीत त्याला भिंतीकडे तोंड करून बसवत होते. एकट्या माणसाला गोल टेबल कोण देणार? आणि इथे रस्त्याच्या कडेला तीन कढया, मंगळाष्टकं म्हणता येतील एवढा मांडव, माणसांनी गच्च भरलेली गोल टेबलं आणि मधल्या टेबलाशी नेमकं एक स्टूल रिकामं. दाराशी पाटी नाही, दारच नाही. डाव घेऊन उभ्या असलेल्या आचाऱ्याने त्याच्या काखेतला लाल कागदात बांधलेला भलामोठा खोका बघितला आणि "या, या, आत या" अशी मान हलवली. एवढा खोका घेऊन येणारा माणूस पाहुणाच असणार.

शेड होती लोआशेठच्या छत्र्यांच्या कारखान्याची. जेवण होतं कामगारांचं, वर्षअखेरचं.

पलीकडच्या टेबलावरून शेठची आई उठून आली. सगळे तिला आमा म्हणत, म्हणजे आजी. जपान्यांच्या राज्यात शाळेत गेलेली ती बाई. तिची जपानी भाषा कापूर घालून पेटीत ठेवल्यासारखी जुनी आणि स्वच्छ होती.

"कुठून येणं केलंत आपण?"

कुसुमोतो उभा राहायला लागला. आमाने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"ओसाकाहून. एक थाळी मिळेल का?"

"थाळी? अहो, अख्खं टेबल आहे. जेवा."

ती त्याच्या शेजारी दाटीवाटीने बसली. कुणीतरी त्याच्या वाडग्यात तांदळाची दारू ओतली, कुणी डुकराच्या मांसाचा असा तुकडा वाढला की त्यावर एखादं पोर झोपलं असतं. मधोमध एक अख्खी उकडलेली कोंबडी होती, मुंडक्यासकट, मान ताठ करून ठेवलेली. तिची चोच बरोबर कुसुमोतोकडे होती. त्याला वाटलं, पाहुण्याचा मान.

"तुमच्यामुळे यांच्या घशाखाली घास उतरतोय," आमा म्हणाली. "मघापासून एकच घास चावत बसले होते."

"माझ्यामुळे?"

"कोंबडी शेठच्या हाताने मांडतात. चोच ज्याच्याकडे, त्याने नववर्षानंतर कामावर यायचं नाही. तोंडाने बोलावं लागत नाही. चांगला शेठ चोच स्वतःकडे वळवतो, म्हणजे सगळे सुटले." तिने लांब बसलेल्या आपल्या लेकाकडे पाहिलं. लोआशेठ खाली मान घालून शेंगदाणे सोलत होता. "त्याच्याने यंदा तेवढं धाडस झालं नाही. नवं यंत्र आणलंय, तारा सरळ करणारं."

कुसुमोतोने घास खाली ठेवला.

त्याच्या कंपनीत कोंबडी नव्हती. तिथे वाम मासा होता. पानं गळायच्या दिवसांत विभागाचे साहेब त्याला आपणहून एका महागड्या दुकानात घेऊन गेले होते, भाजलेला वाम खाऊ घातला होता आणि शेवटी चहा पिता पिता म्हणाले होते, "कुसुमोतो, तुम्ही आता जरा विश्रांती घ्या." त्याने वाकून आभार मानले होते, माशाचेही आणि विश्रांतीचेही. घरी काहीच सांगितलं नाही. रोज सकाळी बायकोने दिलेला डबा घेऊन तो निघायचा आणि वाचनालयात बसून खायचा. ते असह्य झालं तेव्हा एक मोठं खोटं रचलं: कंपनीने खूश होऊन तैवानची सहल बक्षीस दिली. साएको, त्याची बायको, इतकी हरखली की तिने त्याला नवे मोजे आणले. आणि निघताना दारात बजावलं, "विभागातल्या सगळ्यांना पुरेल एवढी मिठाई आणा हं. एवढं करतात ते आपल्यासाठी."

म्हणून तो खोका. अननसाची मिठाई, विभागाला पुरेल एवढी. त्याने ती खरंच विकत घेतली होती. कुणाला देणार होता, देव जाणे.

"आजी," तो म्हणाला, "चोच चुकलेली नाही."

आमाने त्याच्याकडे पाहिलं. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"घरी?"

"घरी माहीत नाही."

"काय म्हणतोय गं आमा तो?" किमहोआने विचारलं.

"रस्सा चांगला झालाय म्हणतोय."

तेवढ्यात आतेक आला. साठीचा, छत्र्यांच्या तारा हाताने सरळ करण्यात जन्म गेलेला माणूस. केस ओले करून विंचरलेले, सदरा घडी मोडलेला. लोकांची जेवणं होत आल्यावर यावं, म्हणजे आपल्यासमोर कुणाचा घास अडकायला नको, असा त्याचा हिशेब असावा. तो टेबलापाशी आला, स्टुलावरचा परका माणूस पाहिला, मग चोच पाहिली.

"आतेकदादा, तुमची जागा पाहुण्याने पळवली," किमहोआ म्हणाली. तिच्या आवाजातलं हसू अर्ध्यावरच संपलं.

लोआशेठच्या हातातला शेंगदाणा फुटेना.

आणि कुसुमोतो उठायला लागला. वयाने मोठा माणूस उभा असताना आपण बसून राहायचं, हे त्याच्या हाडांना ठाऊकच नव्हतं. गुडघे आपोआप सरळ होऊ लागले, तोंडातून "बसा आपण" निघालंसुद्धा. अर्ध्या वाटेवर त्याला ते रिकामं होणारं स्टूल दिसलं, आणि त्याच्यासमोरची चोच. ही जागा देऊन आपण म्हाताऱ्याला काय देतोय, ते कळलं.

तो परत बसला. सगळ्यांदेखत बसला. कान लाल झाले. मग त्याने हात लांब करून कोंबडीची मान धरली, मुंडकं पिरगाळून काढलं आणि तोंडात टाकलं. हाडं कडाकडा वाजली. चोचीशी त्याने बराच वेळ झुंज घेतली. आयुष्यभर माशाचे काटेसुद्धा ओळीत मांडून ठेवणारा माणूस तो.

कुणी हसलं नाही. किमहोआने सरकून घेतलं, मागून एक स्टूल ओढलं आणि आतेकला कुसुमोतोच्या शेजारी बसवलं.

आतेक जेवायच्या आधी शेठकडे वळला. "शेठ, नववर्षानंतर कुठल्या दिवशी यायचं?"

लोआशेठने बिनमुंडक्याच्या कोंबडीकडे पाहिलं. मग आईकडे.

"आधी जेव, आतेक."

आतेक जेवू लागला.

"वाचला का तो?" कुसुमोतोने हळूच विचारलं.

"यंत्र आलंय ते आलंय," आमा म्हणाली. "पण आता माझ्या लेकाला तोंड उघडून सांगावं लागेल. तेवढं तुम्ही केलंत." त्याच्या वाडग्यात रस्सा वाढत ती म्हणाली, "तोंड उघडणं अवघडच."

निघताना कुसुमोतोने तो लाल खोका दोन्ही हातांनी उचलून आतेकच्या पुढ्यात ठेवला.

"अहो, हे कुणासाठी तरी घेतलं असेल ना?" आमाने विचारलं.

"विभागातल्या लोकांसाठी," तो म्हणाला. "हेच ते. सगळ्यांना पुरेल."

आमाने भाषांतर केलं. आतेकने खोक्याचा कागद न फाडता, कडेने नीट सोडवला आणि पहिली वडी शेठकडे पाठवली.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची बाई दोनदा त्याच्याकडे वळून बघत होती. शेवटी तिने त्याच्या डाव्या हाताकडे बोट दाखवून, दुखतंय का, असं खुणेने विचारलं. कुसुमोतोने खाली पाहिलं. हात अजून तसाच होता, कोपरात वाकलेला, काखेत काहीतरी मोठं धरल्यासारखा. घरचं दार उघडल्यावर साएको मिठाईसाठी आधी तिथेच बघणार होती.

त्याने तो हात सावकाश सरळ केला आणि मांडीवर ठेवला.