कपाटातली गाठ

डॉक्टरसाहेब, गाठ दोघींची होती आणि पारखलीत तुम्ही एकीचीच.

हे वाक्य थोरलीने मनात इतकं घोळवलं होतं की शिलाई मशीनसुद्धा त्याच तालावर चालायचं. घरात दोन सुना, आणि एकीपाठोपाठ दुसरीच्या छातीत गाठ निघाली. हॉस्पिटल एकच, मोठे डॉक्टरही तेच. दोन्ही गाठी लहान, हार्मोनवर पोसणाऱ्या, काखेत न पसरलेल्या. आधी थोरलीची. डॉक्टर म्हणाले, केमो घेऊन टाका, पुढची चिंता नको. तिने मान डोलावली. डॉक्टरपुढे माणूस आणखी काय डोलावणार?

मग धाकटीची. तिच्या गाठीचा तुकडा मात्र बाहेरच्या प्रयोगशाळेत गेला. गाठीतली जनुकं तपासून गाठ उलटण्याचा धोका किती, केमोचा फायदा किती, हे म्हणे आकड्यात सांगतात. धाकटीचा आकडा खालचा आला. केमो नाही, रोज एक गोळी, बस्स.

तेव्हापासून थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर कुठल्याच दुकानात औषध नव्हतं. धाकटीची वेणी दिसली की हिला डोक्यावरची टोपी टोचायची. पुढे केस परत आले, पण बोटं आली नाहीत. केमोने बोटांची टोकं बधिर केली ती केलीच. सुती काय आणि रेशमी काय, तिला सारखंच लागे. शिंपिणीची बोटं जाणं म्हणजे गवयाचा गळा जाणं. एकदा तर तिच्या मनात आलं, धाकटीचा आकडा खोटा निघावा. स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, आणि तो विचारही काही गेला नाही.

अशात धाकटी कुडता घेऊन आली. ऑपरेशनच्या बाजूला तो लोंबत होता, आत घ्यायचा होता. अंगावरच टाचून बघू म्हणून थोरलीने तिला खिडकीपाशी उभं केलं. धाकटी ऑफिसातल्या साहेबाच्या नकला करत होती. थोरलीने तोंडात टाचण्या धरल्या होत्या. हसायचं नसलं की ही सोय बरी.

"जाऊबाई, थांबा. तुमचं बोट."

एक टाचणी बोटात रुतून बसली होती. कुडत्यावर रक्ताचा डाग पसरत होता आणि थोरलीला पत्ताही नव्हता. धाकटीने टाचणी उपसली, बोट रुमालात दाबून धरलं.

थोरलीने उरलेल्या टाचण्या काढून ठेवल्या. "तुला काय, तुझं सगळं जागच्या जागी आहे."

धाकटी बोट सोडेना. "मी जळते तुमच्यावर, ठाऊक आहे? तुम्ही सगळं भोगून मोकळ्या झालात. मला आकडा देऊन घरी धाडलं. जरा पाठ दुखली की वाटतं, आली परत."

घर जळालेल्याच्या उबेचा हेवा करणारी बाई थोरली पहिल्यांदाच बघत होती. तिला हसू आलं, रागही आला. तिने विचारलं, मग तुझाच तुकडा कसा पाठवला? धाकटी म्हणाली, मी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून विचारलं. तुमचाही असेल की. मेणाच्या ठोकळ्यात घालून हॉस्पिटलच्या कपाटात ठेवतात, लगेच फेकत नाहीत.

कुडता तसाच मशीनवर पडला. दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरांसमोर बसल्या. डॉक्टर साखर पेरून बोलले. आता त्याचा काय उपयोग, उपचार तर झाले. आकडा वरचा आला तर जिवाला घोर, खालचा आला तर मनस्ताप. शिवाय ह्यांनी विचारलं होतं, तुम्ही कुठे विचारलंत?

थोरलीने एकदा धाकटीच्या वेणीकडे पाहिलं. पोटातलं दुखणं अजून होतं. पण ते ज्यांनी लावलं, ते आज समोर टेबलापलीकडे बसले होते. तिने पट्टी बांधलेलं बोट टेबलावर ठेवलं.

"विचारलं नाही, कारण विश्वास ठेवला. तुमच्याकडे तोंड उघडणाऱ्याला वेगळा न्याय आहे, हे मला कोण सांगणार होतं? आकडा वरचा आला तर म्हणेन, बोटं सत्कारणी लागली. खालचा आला तर रडेन. घोर माझा, मनस्ताप माझा, तुकडाही माझाच. आता विचारतेय, हिच्यादेखत विचारतेय. पाठवता की नाही?"