चौथ्या महिन्याचं पोट

प्लेगाच्या सालानंतरचा दुसरा पौष. पोशीरात पेंढ्याची छपरं दवानं जड झालेली, आणि जयवंता जात्यापाशी घामानं निथळत होती. छातीतून उठलेली आग कानशिलांवर चढायची, क्षणात ओसरायची, मग अंग गारठून जायचं.

"पोटातल्याची ऊब ती," सासू, धोंडूबाई, म्हणाली. "कोंडाजीच्या येळंला मीबी अशीच तापायची."

चार महिने जयवंता बाहेर बसली नव्हती. लग्नाला चौदा वर्षं, वय अठ्ठावीस, घरात पाळणा नाही. नवऱ्याला, कोंडाजीला, दुसरी बायको म्हणून कळंबची मुलगी बघितली होती. सुनेला दिवस गेले असं वाटून धोंडूबाईनं ती सोयरीक तटवली होती. आज ठाकरवाडीची सुईण चिंधी पोट बघणार. ती होय म्हणाली की ओटी, नाही म्हणाली की सवत. शेजारणी ओसरीवर बसून आधीच गात होत्या:

चवथा महिना बाई, हिचं मन कशावर?
वाळू उकरून काढल्या गोड पाण्याच्या झऱ्यावर.

चिंधीनं आतून दार लावलं, निखाऱ्यावर हात शेकले आणि जयवंताचं पोट चाचपलं. एकदा, दोनदा. मग हात काढून घेतला.

"बाय, हितं कायबी नाय."

"नीट बघ गं!"

"बघितलं. झोप लागती?"

"नाय."

"हाडं ठणकत्यात? नवऱ्याजवळ जाताना दुखतं?"

जयवंतानं मान खाली घातली.

"तुझा विटाळ गेला, बाय. कायमचा. आमच्या वाडीतल्या गोदाचा तिसाव्या वर्साला गेला. नाचणी खा, जड हंडा उचलू नको, हाडं ठिसूळ होत्यात. मरत नाय कोन त्यानं."

"काय गं चिंधे, एवढा येळ?" बाहेरून धोंडूबाई ओरडली. "जुळं हाय का काय?"

ओसरी खदखदून हसली.

चिंधी कानाशी वाकली. "गळलं म्हून सांगू? फडक्याला कोंबडीचं रगत लावते. वरीसभर सवतीचं नाव कोन काढनार नाय."

वरीसभर! जयवंताचा श्वास मोकळा झाला. होय म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि चिंधीच्या दंडावरचे काळे वळ तिला दिसले. मागच्या पंधरवड्यात पलीकडच्या गावात एकीचं खरंच गळलं, तर ठाकरणीनं करणी केली म्हणून चिंचेच्या फोकानं चिंधीला झोडलं होतं.

"आन् तुला काय म्हनतील?"

"म्हनतील ते म्हनतील," चिंधी म्हणाली. तिचा हात मात्र पदर दंडावर ओढत होता.

जयवंता उठली. तिनं दार उघडलं. सगळ्यांच्या देखत आग पुन्हा गळ्यापर्यंत चढली.

"आत्याबाई, पोट नाय. कवाच नव्हतं. माझा विटाळच गेलाय."

ओवी अर्ध्यावर तुटली.

"अठ्ठाविसाव्या वर्साला?" धोंडूबाई तरातरा पुढं आली. "काय खायला घातलं गं ह्या ठाकरणीनं तुला?"

"तिनं नाय काय केलं." जयवंता उंबऱ्यावर वाट अडवून उभी राहिली. "सहा महिनं माझा डोळा लागला नाय. तुमी पोराची ऊब म्हनलात, मी गप ऱ्हायले. चूक माझी हाय. तिला हात लावायचा नाय."

कोणी पुढं आलं नाही.

"कोंडाजी!" धोंडूबाईचा आवाज चिरकला. "बैल जुंप. कळंबला जायाचं."

गोठ्याच्या दारात उभ्या कोंडाजीनं सगळं ऐकलं होतं. तो जयवंताकडे बघत राहिला. मग त्यानं जू उचललं.

जयवंतानं बाजूला होऊन चिंधीला वाट दिली. मागं बैलांच्या घंटा वाजू लागल्या तरी ती वळली नाही. चिंधी शेताचा बांध उतरून दिसेनाशी होईपर्यंत ती घर आणि त्या वाटेच्या मध्ये उभी होती.