या जेवायला

निसर्गाच्या सान्निध्यात माणूस आपल्या मूळ रूपात येतो, असं श्यामसुंदरचं ठाम मत होतं. बरगी धरणाच्या पाण्याकाठी तंबूचा तिसरा दांडा उलटा बसला, तेव्हा तोही त्या रूपात आला.

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात जन्म काढलेला, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारा हा माणूस. हा मुक्काम त्यानं मुलासाठी पैसे भरून ठरवला होता. वीस वर्षांचा अमेय हल्ली घरात बोलत नसे. मोकळ्या हवेत बोलेल, असा हिशेब. अमेय बोलला. दांडा सरळ करता करता म्हणाला, "बाबा, मैं सी.ए. छोड़ रहा हूँ."

"मग घरी पण येऊ नको," श्यामसुंदर म्हणाला.

अमेयनं मान हलवली, जशी भाजी आणायला सांगितल्यावर हलवतात तशी, आणि काठाच्या पायवाटेनं निघून गेला. तेव्हा चार वाजले होते.

आता साडेसहा. पाणी हलत नव्हतं. त्यातून वाळक्या झाडांचे शेंडे वर आले होते. धरण भरलं तेव्हा जी गावं खाली गेली, त्यांतल्या कुणाच्या तरी अंगणातली ही झाडं. पाखरं त्यांना टाळून पलीकडे जात होती.

श्यामसुंदर पायवाटेनं दोनदा जाऊन आला होता. वाट पाण्यात संपत होती. अमेयच्या बुटांचे ठसे पाण्यापर्यंत गेले होते आणि परत आले नव्हते. हे त्यानं बायकोला सांगितलं नाही. विनता फोन लावून राहिली होती आणि फोन तंबूत, अमेयच्या पिशवीत वाजत होता.

"काहून बोललात तसं त्याला?"

"बोलण्यात आलं."

"दोन घास खाऊन घ्या. शोधायला निघायचं तर पोटात काही पाहिजे."

तिनं दशम्या आणि तिळाची चटणी काढली. सवयीनं ताटल्या तीन मांडल्या. तिसरी उचलायला दोघांचाही हात होईना.

पहिला घास तोंडाशी नेताना श्यामसुंदरला तो माणूस दिसला. काठापासून खूप आत, पाण्यात उभा. होडी नाही, काही नाही. डोक्याला पांढरं फडकं, तोंड यांच्याकडे.

श्यामसुंदरचे पूर्वज कुठल्याशा मराठी फौजेबरोबर इकडे आले होते. त्यांची तलवार विकली गेली, कागद वाळवीनं खाल्ले. वारसा म्हणून एक वाक्य उरलं. जेवताना कुणी नजरेस पडलं की ते म्हणायचं. पोस्टमनला, केबलवाल्याला, मीटर बघायला येणाऱ्याला. जबलपुरात आजवर कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. "हो गया, भैया" म्हणून सगळे पुढं जात.

"या जेवायला," श्यामसुंदर म्हणाला. आणि पाहुणा हिंदीवाला असेल म्हणून, "आइए, खाना खाइए."

माणूस चालू लागला.

"अहो," विनता हळूच म्हणाली, "तो पाण्यावरून येऊन राहिला."

"दिसतंय मला."

तो सावकाश आला. पाय गुडघ्यापर्यंत ओले, वर कोरडा. तिसऱ्या ताटलीपाशी बसला आणि जेवू लागला. एक दशमी, दुसरी, तिसरी.

"हमारा लड़का देखा क्या?" श्यामसुंदरनं शेवटी विचारलं.

"है. हमारे यहाँ है."

"कहाँ?"

त्यानं चटणीचं बोट पाण्याच्या मधोमध दाखवलं.

"आएगा कब?"

"बोल रहा था, घर आने को मना है."

"वहाँ कर क्या रहा है?" विनतानं विचारलं.

"खा रहा है."

तिकडचं अन्न पोटात गेलं की माणूस तिकडचाच होतो, असं विनताच्या माहेरी सांगत. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

श्यामसुंदर उठला. त्याला पोहता येत नव्हतं. राज्यशास्त्राला ते लागत नाही. त्यानं पँट दुमडली आणि पाण्यात शिरला. "चप्पल राहू द्या पायात," असं म्हणत विनताही मागून आली. पांढरं फडकं पुढं चालत होतं. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, तिथंच थांबलं. पायाखाली सपाट, टणक काहीतरी होतं. दोन्ही बाजूंना झाडांचे काळे शेंडे.

"अमेय," श्यामसुंदर पाण्याला उद्देशून म्हणाला, "घरी चल. सी.ए. सोड. सगळं सोड. फक्त घरी चल."

मग पुढं उजेड दिसला, धूर दिसला. टेकडीएवढी जमीन, सतरंजी, मोठं पातेलं. अमेय मांडी घालून भात खात होता. एक बाई त्याला वाढत होती.

"ऐकू आलं मला," तो चक्क मराठीत म्हणाला. "बसा, बाबा. जेवून घ्या."

पाण्यातून आलेल्या माणसानं हात धुतले आणि डाव उचलला. "साहब लोगों को खाने पे बुलाने ही गया था," तो बाईला सांगत होता, "उन्होंने पहले बुला लिया. मना कैसे करता."

उन्हाळ्यात पाणी उतरलं की धरणाआधीचा, उंच भरावावरचा डांबरी रस्ता गुडघाभर पाण्याखाली असतो, आणि मुक्कामाची सोय करणाऱ्यांचं स्वयंपाकघर त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. रात्रीचं जेवण पॅकेजमध्येच होतं.