केवडीच्या कानांसाठी

कार्तिकातले ऊन चौलच्या पोफळीच्या वाड्यांत पायरीपायरीने उतरते. आधी उंच, कृश खोडांच्या माथ्यावर. मग सुपारीच्या केशरी घोसांवर. मग मिरवेलींच्या हिरव्या काळोखात. आणि अखेरीस पाटाच्या वाहत्या पाण्यावर, सुवर्णचूर्ण उधळावे तसे.

अशाच एका सुवर्णपिंगल सकाळी कालिंदी वर्तकांना कळले, की आपल्या केवडीला दिसत नाही.

अंगणातले तांब्याचे घंगाळ त्यांनी त्या दिवशी चार हात अलीकडे ठेवले होते. केवडी नेहमीच्या वाटेने आली, नेहमीच्या तोऱ्यात आली, आणि घंगाळावर आदळली. आपटून थांबली. मान तिरकी करून त्या अनोळखी थंडाव्याला हुंगत राहिली. तिच्या मधुवर्ण डोळ्यांत आकाश होते, पोफळी होत्या, कालिंदी होत्या. पण ते सारे वरच्या वर तरंगत होते. आत काहीच उतरत नव्हते.

केवड्याच्या पातीसारखी फिकट पिवळी, म्हणून ती केवडी. यजमान दत्ताराम वर्तक तापाने गेले, त्याच्या दुसऱ्या वर्षी कुणीतरी पंच्यात गुंडाळून कुत्रीचे हे पिल्लू कालिंदींच्या ओटीत टाकले होते. तेव्हा कालिंदी चौतीस वर्षांच्या होत्या. घरात मूल नव्हते, हाक मारायला नाव नव्हते. ते नाव मग बारा वर्षे त्या घरात सकाळ-संध्याकाळ दरवळत राहिले.

गुरुवारी गुरांचे डॉक्टर मुकादम स्कूटरवरून गावात येत. त्यांनी ओट्यावर बसून केवडीच्या डोळ्यांत बॅटरीचा झोत टाकला.

"वहिनी, मोतीबिंदू नाही हा. आतला पडदाच सुकलाय. दृष्टी परत यायची नाही."

"मग हो?"

"घर तिच्या डोक्यात आहे, ते तसंच ठेवा. पाण्याचं भांडं, तिचं गोणपाट, काही म्हणता काही हलवू नका. हात लावायच्या आधी हाक मारा, नाहीतर दचकेल बिचारी. विहिरीच्या अलीकडे काथ्याचं पायपुसणं टाका. पायाला खरखर लागली की थांबायला शिकेल. आणि तुम्ही कुठे आहात, हे तिला सारखं ऐकू यायला हवं. पायात काही वाजणारं घाला. पैंजण…"

डॉक्टरांची नजर कालिंदींच्या मोकळ्या कपाळावर गेली आणि खाली वळली. "माफ करा, वहिनी."

"माफी कसली, डॉक्टर? तुम्ही तिच्यासाठी औषध सांगितलंत."

कालिंदींनी सारे केले. केवडीची नखे कापली, कापसाच्या बोळ्याने डोळे पुसले, विहिरीच्या काठी काथ्याचे पायपुसणे अंथरले. पैंजणांऐवजी कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोवला. किल्ल्या वाजत, पण कधी वाजत, कधी पदराआड घुसमटून गप्प होत. मग केवडी अंगणाच्या मध्यावर थरथरत उभी राही, नाक वर करून, कान टवकारून, जणू सारे जगच पाऊल न वाजवता तिला सोडून गेले होते.

एका दुपारी ती धावत आली ती थेट खांबावर. नाकातून रक्त आले. त्या दुपारी कालिंदींनी ट्रंक उघडली.

जुन्या लुगड्यांच्या तळाशी पैंजण होते. काळवंडलेले, मुके, एकमेकांत गुंतलेले. बारा-तेरा वर्षांपूर्वी वन्संनीच ते उतरवले होते. फास घट्ट होता म्हणून तेल लावून, रडत रडत. कालिंदींनी ते चिंचेने घासले. चांदी उजळत गेली. पायांत घालून त्यांनी एक पाऊल टाकले, आणि त्या एका झंकारात वाडी, विहीर, रहाट, सारे तरुण झाले. दत्ताराम नुसत्या आवाजावरून ओळखत, ही कुठल्या माडाखाली आहे ते, आणि तिथूनच ओरडत, "अगं, उन्हात नको फिरू!"

केवडीचे कान उभे राहिले. ती चालत आली, न अडखळता, न आदळता, आणि वाजणाऱ्या पावलावर तिने आपली हनुवटी टेकली.

शेजारच्या दारात वन्सं उभ्या होत्या. दत्तारामांच्या थोरल्या बहीण, सुभद्रा, एकोणिसाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी परतलेल्या, आता पासष्टीच्या.

"कालिंदी, काय गं हे?"

"वन्सं, तिला दिसत नाही हो."

"तिला दिसत नाही. गावाला दिसतं."

दोन घरांमधले दार लागले. महिनाभर उघडले नाही. पाणवठ्यावरच्या बायका कुजबुजत, आणि कालिंदी त्यांच्या मधून खाली मान घालून जात. पण वाजत जात, आणि मागून केवडी येई.

मार्गशीर्षात कालिंदींना हिवतापाने गाठले. पाय सुजले, पैंजण काढून खिडकीत ठेवावे लागले. घर मुके झाले. मधले दार तेव्हा उघडले. वन्सं पेज घेऊन आल्या, कपाळावर घड्या ठेवून गेल्या, पण खिडकीकडे त्यांनी पाहिले नाही.

तिसऱ्या दुपारी वन्संनी आपल्या दारातून पाहिले: केवडी आवाज शोधीत निघाली होती. पायरी उतरली, घंगाळ ओलांडले, विहिरीकडे वळली. काथ्याचे पायपुसणे तिथे नव्हते. ओले झाले म्हणून वन्संनीच ते सकाळी उन्हात टाकले होते.

"केवडी! ए केवडी!"

बारा वर्षांत या गळ्याने ते नाव कधी उच्चारलेच नव्हते. उच्चारले होते ते फक्त 'हड्'. केवडी बिचकली. आवाजाकडे तोंड करून मागे सरली. मागे विहीर होती.

वन्सं धावल्या. पासष्ट वर्षांची ती शुष्क, ताठ काया कालिंदींच्या घरात शिरली, खिडकीतले पैंजण मुठीत घेऊन दारात आली, आणि दोन्ही हात उंच करून वाजवू लागली. वेड्यासारखी, देवळातली झांज वाजवावी तशी. झंकार अंगणभर सांडला. विहिरीच्या काठावर एक मागचा पाय हवेत लोंबकळत होता. तो थबकला. सावरला. केवडी वळली, आणि नादाचा धागा धरून पायरी चढली.

खाटेवर कालिंदींनी डोळे उघडले. दारात वन्सं खाली बसल्या होत्या. लुगडे घोट्यापर्यंत सारून पैंजण स्वतःच्या पायात अडकवीत होत्या.

"वन्सं…"

"गप पड. हातात धरून भात कसा कालवू मी तिला?" आणि मग, वर न पाहता, "मीठ घालू का गं?"

"नको. कोमट असू दे. आणि आधी हाक मारा."

वन्संनी घसा साफ केला. शेहेचाळीस वर्षांनी वाजलेल्या त्या पावलांकडे एकदा पाहिले. मग अगदी हळू, पिकलेले पान गळावे इतक्या हळू, म्हणाल्या, "केवडी. ये बाय."

ताप उतरला. वन्सं पैंजण परत द्यायला बसल्या, तेव्हा कालिंदींनी त्यांच्या पायाशी बसून एकच सोडवला. दुसरा राहू दिला. "तिला तुम्हीही कळायला हव्यात," एवढेच म्हणाल्या. गावाने काही दिवस पाहिले, काही दिवस कुजबुज केली, आणि मग गावाचे डोळे सवयीने निवले.

केवडी आणखी दोन हिवाळे जगली. दोन दारांमधल्या अंगणात, दोन नादांच्या मधोमध. फाल्गुनातल्या एका दुपारी, कण्हेरीच्या सावलीत झोपली असतानाच ती गेली. दोघींनी मिळून तिला वाडीत पुरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पाणी आणायला निघाल्या. वाट ओली होती, वारा समुद्राकडून येत होता, आणि ऐकायला कुणी उरले नव्हते. तरी कुणीही पैंजण काढला नव्हता. खांद्याला खांदा लावून त्या चालल्या. एक पाऊल वाजे, एक मुके; एक वाजे, एक मुके; आणि एकीच्या मुक्या पावलात दुसरीचे पाऊल वाजे.