मी, आवाज थांबवणारा

मित्रांनो, मी एक जुना दरवान आहे. पण काठी आणि शिट्टीवाला नव्हे. माझी उंची वीतभरही नाही, रुंदी दोन बोटं, अंगावर एक नॉब आणि तीन भोकं. मी आवाजाच्या वाटेवर उभा असतो. नॉब उघडला की आवाज पुढे जातो, मिटला की थांबतो. दुकानात मला व्हीसीए म्हणतात. नाव रुक्ष आहे, मला ठाऊक आहे.

तुम्ही मॉड्युलर सिंथेसायझर पाहिलाय का? ते विजेवर चालणारं वाद्य असतं, पण त्याचे तुकडे सुटे मिळतात. त्यांना मॉड्यूल म्हणतात. कोणी आवाज काढतो, कोणी त्याचा रंग बदलतो, कोणी त्याला चढउतार देतो. आपल्याला हवे ते निवडायचे, चौकटीत स्क्रूनं बसवायचे आणि केबलींनी एकमेकांना जोडायचे. पहिली निवड बहुतेकांची चुकते. हे मी काचेच्या कपाटात बसून डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर झाला. तिथल्या कारागीर बाईंनी माझ्या पोटात एकेक भाग डाख देऊन बसवला. त्यांचा चहा शेजारी निवून जायचा, पण हातातलं काम त्या सोडत नसत. शेवटी त्यांनी कानांना हेडफोन लावला, मला पूर्ण मिटलं आणि ऐकत राहिल्या. "काहीच ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या, "छान झालाय." माझ्या भावंडांचं त्यांच्या आवाजासाठी कौतुक होई, माझं हे असं. मला ते पुरलं.

दुकानात मात्र मला कोणी विचारेना. गिऱ्हाइकं यायची आणि थेट आवाज काढणाऱ्या ऑसिलेटरांकडे किंवा लुकलुकणारे दिवे असलेल्यांकडे वळायची. मी धूळ खात पडलो. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

आता एका चष्मेवाल्याची गोष्ट सांगतो. तो दिवसभर गिऱ्हाइकांच्या चष्म्यांच्या काचा घासायचा आणि सतत शीळ घालायचा. शांतता त्याला सोसायचीच नाही. त्याची मोठी बहीण बाहुल्यांचे खेळ करायची. त्याचे केस पिकले तरी ती त्याला 'छोट्या' म्हणे. तिनं जुन्या छत्र्यांच्या कापडाचा एक देवमासा केला होता. खेळाच्या शेवटी हा म्हातारा मासा उथळ पाण्यात येऊन झोपी जातो. खेळात शब्द नव्हते. सारी भिस्त त्याच्या श्वासावर. तो श्वास छोट्यानं वाजवायचा, असं ठरलं होतं. भावंडं प्रथमच मिळून काहीतरी करणार होती आणि छोट्या हरखून गेला होता.

हरखून त्यानं काय केलं असेल? एक सोडून तीन ऑसिलेटर घेतले! वर एक दिव्यांचं मॉड्यूल घेतलं, केवळ त्याचे दिवे सावकाश चढत-उतरत म्हणून. ताईच्या खोलीत पहिली तालीम झाली. मासा झोपला, पण आवाज आपला 'ऊंऽऽऽ' चालूच. शेवटी छोट्यानं केबलच उपटली. टक्!

"छोट्या, माझा मासा झोपतोय. त्याचा फ्यूज उडत नाहीये," ताई म्हणाली.

"चौकटीत अजून एक जागा आहे ताई. आणखी एक ऑसिलेटर घेतो, म्हणजे श्वास भरदार होईल."

"तू घेशीलच. पण या खेपेला मी बरोबर येते. आणि नाही जमलं, तर मी मोबाइलवरचा समुद्र लावीन. मग रुसायचं नाही."

दोघं दुकानात आली. दुकानदारानं चौथा ऑसिलेटर वाजवून दाखवला. छोट्याचे डोळे चमकले आणि हात खिशाकडे गेला. ताईनं शांतपणे विचारलं, "छान आहे हो. पण हे थांबतं कसं?"

दुकानदारानं तो ऑसिलेटर बाजूला ठेवला. मग त्यानं मला कपाटातून काढलं आणि शर्टाच्या बाहीनं माझी धूळ पुसली.

"याला तर आवाजच नाही," छोट्या हिरमुसून म्हणाला.

"मग हाच द्या," ताई दुकानदाराला म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी त्या रिकाम्या जागी बसलो. सर्वांत खालच्या आवाजाचा ऑसिलेटर छोट्यानं मला जोडला आणि दिवेवाल्याचे दिवे जिच्यावर चढत-उतरत, ती विजेची संथ लहर माझ्याकडे वळवली. लहर चढली तसा मी उघडलो, उतरली तसा मिटत गेलो. हूंऽऽऽ... आणि विसावा. पुन्हा हूंऽऽऽ... ताईनं कापडाच्या पोटात हात घातला आणि माशाची पाठ माझ्याबरोबर वरखाली होऊ लागली. त्या वेळी मला जो आनंद झाला, तो लपवावासा वाटत नाही.

तरी एक घोडं अडलंच. शेवटी मला पूर्ण मिटायचं होतं. छोट्या मिटायचा आणि लगेच घाबरून पुन्हा उघडायचा. जणू शांततेत त्याच्यावर कोणी धावून येणार होतं.

"मी पडदा टाकीपर्यंत हात लावायचा नाही," ताईनं बजावलं.

"लोकांना वाटेल, यंत्र बिघडलं."

"वाटू दे."

खेळाच्या दिवशी सभागृह मुलांनी भरलं होतं. मासा उथळ पाण्यात आला. छोट्याची बोटं घामानं ओली झाली होती, मला ती जाणवत होती. एकेका श्वासागणिक त्यानं माझा नॉब थोडाथोडा मिटला. शेवटचा श्वास गेला. सभागृहात काहीच ऐकू येईना. त्याचं बोट नॉबवर घुटमळलं, आणि मी मनात म्हटलं, थांब रे बाबा. त्यानं बोट उचलून घेतलं आणि हात मांडीवर ठेवला.

पहिल्या रांगेत एक गृहस्थ खोकले. त्यांच्या शेजारच्या चिमुरडीनं ओठांवर बोट ठेवलं. "बाबा, हळू ना," ती कुजबुजली, "तो आत्ताच झोपलाय."

ताईनं पडदा टाकायची घाई केली नाही. छोट्यानंही शीळ घातली नाही.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालोय. नॉब फिरवला की जरा खरखरतो, पण चष्मेवाला महिन्या-दोन महिन्यांनी मला साफ करतो. चौकटीतले बाकीचे आले आणि गेले. त्यानं मला मात्र हलवलेलं नाही. तुम्हीही कधी असं वाद्य जुळवायला बसलात, तर आवाज काढणारे जरूर घ्या, ते गुणी असतात. पण काचेच्या मागे कोपऱ्यात कोणी माझ्यासारखा मुका दिसला, तर त्याची धूळ पुसा आणि त्याला घरी न्या. मोठ्या माशाला झोपवायचं काम त्याच्याशिवाय कोणाला जमत नाही.