झालरीच्या मधलं फूल

रस्त्यापलीकडून

दादाचं घर नवंकोरं, पण सोंग जुन्याचं: उतरतं कौलारू छप्पर, लाकडी खांबांचा ओटा, बरोब्बर मधोमध दार. सगळं एका जुन्या फोटोबरहुकूम. फक्त ओट्याच्या छपराची कड बोडकी. तिथे कोरीव लाकडी झालर हवी होती. बाजारात मिळायची ती यंत्रावर कापलेली; दादा हातात घ्यायचा आणि नाक मुरडून ठेवून द्यायचा. शेवटी वहिनीने बजावलं, आज मिळाली तर मिळाली, नाहीतर उद्या प्लास्टिकची पट्टी ठोकून मोकळं व्हायचं. तिला घरात राहायचं होतं, घराचं प्रदर्शन मांडायचं नव्हतं.

वखारीच्या दारातून

दारांवर दारं रचलेली. चौकटी, जिन्यांचे कठडे, कुणाच्या तरी पाडलेल्या घराच्या खिडक्या. दादा पुढे, मागे मी आणि आमचे मिस्तरी, आणि वहिनीची टकळी सुरू: इतक्या दारांत एक तरी उघडून बाहेर पडू द्या हो मला.

भिंतीशी एक लांबलचक फळी आडवी टेकवलेली, हिरव्या रंगाचे पोपडे सुटलेली. दादा तिच्यासमोरून दोनदा गेला. वहिनी थांबली.

हातभर अंतरावरून

वेल. पानं, कळ्या, एका पानाआड इवलंसं पाखरू, चोच उघडी.

बोटाने

वहिनीने डाव्या टोकाला बोट ठेवलं आणि चालू लागली. पानांच्या शिरा खोल, ठसठशीत. मध्यावर एक फूल लागलं. पुढे शिरा हलक्या, केसासारख्या, पार टोकापर्यंत. ती परत फुलाशी आली.

"कोरणारे दोघं होते," ती म्हणाली. "दोन टोकांकडून निघाले. इथे भेटले."

फुलाच्या डाव्या पाकळ्या खोल होत्या, उजव्या हलक्या. मधल्या पाकळीत दोघांचे हात होते. एकाचा कुठे संपला आणि दुसऱ्याचा कुठे लागला, मला दिसेना. कोण कुणासाठी थांबलं असेल? वखारीचा मालक रोज ही फळी बघत असणार, पण तोही चहाचा कप तसाच धरून उभा राहिला. वहिनी गप्प होती. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं दादा माझ्या कानाशी म्हणाला. पण हसला नाही.

टेपने

झालर ओट्यापेक्षा दोन हात लांब निघाली.

मिस्तरींचं म्हणणं सरळ होतं. टोकांना कोरलेले लोंबते लोलक आहेत, ते कापले तर झालर लांडी दिसेल. मधलं फूल काढू, वेलीला वेल जोडू. रस्त्यावरून कुणाच्या बापाला कळणार नाही. दादाला पटलं. छप्पर वाढवायचं तर कडेचा खांब सरकणार, दार मधोमध राहणार नाही, आणि वर्षभर खिशात जपलेला फोटो खोटा पडणार.

ओट्यावर

झालर दोन सुतारी घोड्यांवर ठेवलेली. फुलाच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीच्या रेघा. मिस्तरींनी करवत टेकवली तशी वहिनी पाठ फिरवून पायरीवर बसली.

"तुझं काय म्हणणं?" दादाने विचारलं.

"कापा. मी बघणार नाही. त्या दोघांतला एक जरी घाईत असता ना, तर हे फूल झालंच नसतं."

दादा वाकला. बोट डाव्या पाकळ्यांवरून सरकत मधल्या पाकळीवर आलं आणि तिथेच राहिलं. बराच वेळ. मिस्तरी अवघडून उभे.

मग दादाने त्यांच्या हातातली करवत काढून घेतली.

"पहार आणा," तो म्हणाला. "कडेचा खांब सरकवायचाय."