दहावा क्लेम

अडीच वाजता कॉम्प्युटरवर लाल पट्टी झळकली आणि मी अशी उठले की माझी चाकाची खुर्ची मागे घरंगळत काचांच्या रॅकपाशी जाऊन थांबली. देवाची कृपा, बोटभर अंतर राखून थांबली.

"अहो! या आधी इकडे! दहावा परत आला!"

आमचं दुकान म्हणजे गाड्यांच्या पुढच्या काचांचे तडे बुजवण्याची जागा. पत्र्याची शेड, तिच्यात दाटीवाटीने दोन गाड्या, आणि कोपऱ्यात माझं केबिन. काचेचं काम ह्यांचं, विम्याच्या कागदांचं माझं, आणि फोन घ्यायचं व मधूनमधून आम्हा दोघांना बोल लावायचं नणंदबाईंचं.

गिऱ्हाईक यायचं, तडा दाखवायचं आणि विचारायचं, "विम्यातून होईल ना? मला काही भरावं लागणार नाही ना?" आम्ही खरं तेच सांगायचो, की आधी तुम्ही भरा, कंपनी तुम्हाला मागाहून देईल. की लगेच मान हलवून स्वारी चालली मोठ्या शोरूमकडे, कारण शोरूमचं बिल कंपनीकडे थेट जातं. ह्यांच्यासारखा हात त्या शोरूममध्ये एकाचाही नाही. पण हात बघायला माणूस थांबला तर पाहिजे ना!

म्हणून आम्ही एका विमा कंपनीच्या थेट बिलांच्या यादीसाठी अर्ज केला होता. अट अशी, की चाचणीचे दहा क्लेम पाठवायचे. दहाही मंजूर झाले तर नाव यादीत. एक जरी नामंजूर झाला, तर पुन्हा अर्ज एका वर्षाने. आणि वर्षभर ही शेड अशीच ओस पडली तर भाडं कुठून भरणार होतो, देव जाणे. नऊ क्लेम एकामागून एक पार झाले होते. नवव्याच्या वेळी तर मी स्क्रीनला हात जोडले होते.

आणि आता ही लाल पट्टी: दुरुस्तीपूर्वीचा फोटो जोडलेला नाही. नुकसान झाल्याचा पुरावा आज पाचपर्यंत द्यावा, अन्यथा क्लेम नामंजूर.

हे हात पुसत आले, वाचलं आणि ओशाळून उभे राहिले.

"काढलाच नाही मी फोटो."

"काढला नाही? भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय मी!"

"अगं, त्या फुलवाल्या बाईंची व्हॅन! बाहेर रणरणतं ऊन आणि फुलांसाठी आतला एसी पूर्ण सोडलेला. काच बाहेरून तापलेली, आतून गार. माझ्या डोळ्यांदेखत तडा पळत होता! फोटोच्या नादाला लागलो असतो तर काठापर्यंत गेला असता, मग अख्खी काच बदला. मी आधी एसी बंद केला, पंप लावला, तड्यातली हवा ओढून घेतली, रेझिनचा पारदर्शक चीक भरला. तो थांबला तेव्हा कुठे मी श्वास घेतला."

"आणि नंतरच्या फोटोत काच अशी लख्ख, की तिथे कधी काही झालं होतं हे कुणाच्या बापाला पटणार नाही."

"हो ना," हे म्हणाले, आणि एवढ्या संकटातही त्यांच्या चेहऱ्यावरून आनंद लपेना. "राहिलाच नाही बघ काही!"

नणंदबाईंनी कपाळाला हात लावला. "दादा, जरा वाईट काम करायला शीक रे बाबा." मग त्या माझ्या खांद्यावरून वाकल्या. "वहिनी, आपल्याकडे तड्यांच्या फोटोंना काय तोटा आहे? ती दुधाची व्हॅन आठवते? तेच मॉडेल, तोच पांढरा रंग, तडाही तिथेच. लाव आणि मोकळी हो."

मी फोटो उघडला. खरंच, जुळी बहीणच म्हणावी. बोट बटणावर होतं. कोण बघणार होतं? हे मागून बघत होते.

"ह्या तड्याला चारच पाय फुटलेत," ते हळूच म्हणाले. "बाईंच्या तड्याला पाच होते. डावीकडचा लांब."

मी फोटो बंद केला. व्हॅन एकीची आणि तडा दुसरीचा, असं करून यादीत नाव लागलं तर त्या नावाकडे मला रोज बघावं लागणार होतं. मी सरळ कंपनीला फोन लावला. "फोटो नाही. चूक आमची. पण दुरुस्ती खरी आहे. तुमचा माणूस पाठवा, आत्ता, काच समोर उभी करते."

"आत्ता?" पलीकडची मुलगी दचकली.

"पाचच्या आत म्हणजे आत्ताच की, बाळ!"

नणंदबाईंनी फुलवाल्या बाईंना बोलावलं. त्या पंधरा मिनिटांत व्हॅनसकट हजर, केसांत एक पान अडकलेलं. "कोण म्हणतंय माझी काच फुटलीच नव्हती? माझ्या छातीत धस्स झालं होतं ते काय उगीच?"

पावणेचारला सर्वेअर मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, गळ्यात दोरीला भिंग, हातात टॉर्च. मी बोलायला सुरुवात केली तशी त्यांनी हात वर केला.

"मला काच दाखवा. गोष्ट नको."

शेडमध्ये व्हॅनला घेराव पडला. मॅडमनी टॉर्च तिरका धरला, सरळ धरला, भिंग लावलं, आत बसून पाहिलं, बाहेरून पाहिलं. काच म्हणजे निवळशंख पाणी. फुलवाल्या बाई बोट दाखवून सांगत होत्या, "इथेच! नाही, जरा वर. की खाली?" शेवटी मॅडम ह्यांच्याकडे वळल्या.

"तुम्हीच केलंय ना? दाखवा बघू."

हे वाकले. बोटाने चाचपलं. चष्मा काढला, घातला, नख फिरवलं. मिनिटभराने ते ताठ झाले आणि कानाची पाळी खाजवत म्हणाले, "मॅडम, मलाही सापडत नाहीये."

"शाब्बास!" नणंदबाई म्हणाल्या. "आता तूच आपल्याविरुद्ध साक्ष दे."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. क्लेमची छापील प्रत माझ्याकडून मागून घेतली, चाळली, आणि व्हॅनच्या आत स्टिअरिंगपुढे ठेवून दिली. "मला जे दिसतं तेच लिहिता येतं. नुकसान आढळलं नाही, असं लिहावं लागेल. काचेचा नंबर तेवढा टिपते. इथे अंधार आहे, गाडी बाहेर घ्या."

चार वाजून वीस मिनिटं. फुलवाल्या बाईंनी व्हॅन मागे घेतली आणि रस्त्याच्या कडेला पश्चिमेकडे तोंड करून उभी केली. उतरतं ऊन समोरून थेट काचेवर आलं. मॅडम कोपऱ्यातला नंबर वाचू लागल्या. मी क्लेमची प्रत घ्यायला दार उघडून आत वाकले.

आणि हात तसाच राहिला.

कागदाच्या कोऱ्या समासावर एक सावली पडली होती. पुसट, करड्या धाग्यासारखी. मला वाटलं माझा केस आहे. फुंकर मारली. हलला नाही. कागद उचलून काचेच्या जवळ नेला, तसा तो धागा रेखीव होत गेला आणि एकाचे दोन, दोनाचे तीन झाले. मी कागद काचेला जवळजवळ चिकटवला.

"अहो! अहो, इकडे या! मॅडम! सगळे या!"

काचेत काही दिसत नव्हतं. पण उन्हाला काचेतून येताना कुठे अडखळायला होत होतं ते ऊन कागदावर लिहीत होतं. मधोमध एक ठिपका, आणि ठिपक्यापासून ताऱ्यासारखे निघालेले पाय. हे माझ्या डोक्यावरून आत घुसले, नणंदबाई दुसऱ्या दारातून, फुलवाल्या बाई मागच्या सीटवरून. मॅडमनी बाहेरून ठिपक्याच्या जागी काचेवर बोट टेकवलं, तर बोटाची सावली बरोबर ताऱ्यावर आली!

"हलू नका," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "कागद तसाच धरा. मोजा."

"एक, दोन, तीन," मी मोजू लागले, आणि फुलवाल्या बाई माझ्याबरोबर, आणि नणंदबाईही. "चार... पाच!"

"क्लेममध्ये काय लिहिलंय? त्याच कागदावर असेल."

मी कागद धरून होते म्हणून नणंदबाईंनी वाचलं. तीन दिवसांपूर्वी मीच भरलेला रकाना: नुकसानीचे वर्णन. "ताऱ्याच्या आकाराचा तडा. पाच पाय. डावीकडचा सर्वांत लांब, अंदाजे दीड सेंटिमीटर."

मॅडमनी खिशातून मोजपट्टी काढली. डावीकडच्या सावलीला लावली. किंचित पुटपुटल्या, मग पुन्हा लावली.

"दीडला थोडा कमी," त्या म्हणाल्या. "कागद वाकडा धरलाय तुम्ही."

कुणी आधी ओरडलं ते आठवत नाही. बहुधा मीच. फुलवाल्या बाईंनी उत्साहात मागून हात लांबवून हॉर्न दाबला आणि समोरचा सायकलवाला शिव्या देत गेला.

मॅडमनी सावलीचे चार फोटो काढले, पट्टीसकट आणि पट्टीशिवाय, आणि तिथेच बॉनेटवर टेकून अहवाल लिहिला. मी घाईघाईने विचारलं, "हा फोटो 'दुरुस्तीपूर्वी'च्या चौकटीत टाकू का?"

"मुळीच नाही. तो दुरुस्तीनंतरचा आहे. पूर्वीच्या चौकटीत लिहा, 'फोटो नाही, अहवाल पाहा.' आणि पुढच्या वेळी आधी फोटो, मग धावपळ. कळलं का, साहेब?"

साहेबांचं लक्ष कुठे होतं! हे कागद हातात घेऊन एकटेच व्हॅनमध्ये बसले होते, तो कधी पुढे नेत, कधी मागे. "डावा पाय दिसायला नको होता," ते म्हणाले. "तिथे रेझिन कमी पोचलंय. मॅडम, मी पुन्हा भरू का?"

"अहो, भिंग लावून मला दिसलं नाही. सूर्याला दिसलं. आता त्याच्याशी भांडणार का तुम्ही?"

चार अठ्ठेचाळीसला मी पाठवलं. मग आम्ही तिघे स्क्रीनसमोर उभे. बसायचं कुणाला सुचलं नाही. नणंदबाई माझं मनगट इतकं आवळून होत्या की बांगड्या रुतल्या. चार बावन्न. चार पंचावन्न. मी मनात देवाचं नाव घेत होते. चार सत्तावन्नला पट्टी हिरवी झाली: क्लेम मंजूर. आणि तिच्या खाली लगेच दुसरी ओळ, थेट बिलांच्या यादीत समाविष्ट, आजपासून लागू.

"आजपासून!" हे म्हणाले. "उद्यापासून नाही, आजपासून!"

मला रडू यायच्या आत नणंदबाईंनी फोन उचलला. परवा मान हलवून निघून गेलेल्या शाळेच्या बसवाल्याचा नंबर त्यांनी टिपून ठेवला होता, कुणाला न सांगता. "हॅलो, काचवाल्यांकडून बोलतेय. शोरूमला गेलात का? उद्याची वेळ दिली? मग आत्ता इकडे या ना. नाही हो, एक पैसा भरायचा नाही, आम्ही थेट कंपनीकडून घेतो. हो, दुकान उघडं आहे. तडा केवढा आहे आता?" त्यांनी फोनवर हात ठेवला आणि ओरडल्या, "दादा, अर्ध्या काचेपर्यंत पळालाय, आणि तो इथून दोन चौकांवर उभा आहे!"

"त्याला एसी बंद करायला सांग!" हे पंप घेऊन धावले, आणि मी कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे.